सेल्फ फिरतोय, ठिणगी नाही

शटर अर्धं ओढा आणि स्टोव्हजवळ सरका. मी सांगतो ते त्सुजिमुराच्या बाबतीत घडलेलं आहे, आणि त्सुजिमुरा म्हणजे या गॅरेजात माझ्या शेजारी एकोणीस वर्षं राबलेला माणूस. थाप मारायची म्हटली तरी त्याला जमायची नाही.

२०१८ सालचा नोव्हेंबर, एकोणतीस तारीख, गुरुवार. संध्याकाळचे सव्वासहा. आपल्या किनाऱ्यावर त्या दिवसांत पाचलाच काळोख पडतो. कुरोसेच्या चढावर राहणाऱ्या हाताकेयामाचा फोन आला होता. थोरला भाऊ एप्रिलमध्ये वारला, त्याची अडुसष्ट सालची पांढरी गाडी शेडमध्ये उभी आहे, रविवारी गिऱ्हाईक बघायला येतंय, आणि गाडी काही केल्या चालू होत नाही. त्सुजिमुराने हत्यारं व्हॅनमध्ये टाकली आणि गेला.

हाताकेयामा शेडच्या दारात सुकं माकूळ, ती चिवट मासळी, चघळत उभा होता. साठी उलटलेला, अंगावर घरातला कापूस भरलेला झगा.

"बॅटरी नवी टाकलीय," तो म्हणाला. "तरी हिचे नखरे संपत नाहीत. म्हातारी आहे ना."

त्सुजिमुराने चावी फिरवली. सेल्फ झकास फिरला, इंजिन मात्र पेटलं नाही. पेट्रोल येत होतं, नाकालाच कळत होतं. मग त्याने एक प्लग काढला, वायरीला जोडून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला.

"आता तुम्ही फिरवा चावी."

सेल्फ फिरतोय, ठिणगी नाही. कॉईलपर्यंत करंट नीट येतोय. म्हणजे खोट ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये. त्याने दोन क्लिपा सोडून टोपण उचललं. आतलं सगळं पन्नास वर्षांचं, त्यावर फिरणारा रोटर, ज्याच्याविना ठिणगी प्लगांपर्यंत पोचतच नाही, तेवढा कोरा करकरीत.

"हा कुणी बदलला?"

"मीच. जुना हरवला."

त्सुजिमुराने रोटर उपसला आणि खालचे पॉइंट बघितले. दोन चिमुकले धातूचे ठिपके, त्यांची उघडझाप नीट झाली तरच ठिणगी पडते. त्या दोघांच्या फटीत काहीतरी होतं. त्याने चिमट्याने ओढलं.

नख होतं. माणसाचं, मुळापासून उपटलेलं. मुळाशी मांसाची पांढुरकी कातडी... ओली. वास आला तो सडक्या माशाच्या पोटाचा.

"उंदराने आणलं असेल कुठून तरी," हाताकेयामा म्हणाला आणि दातातला माकळाचा धागा नखाने काढून बघत बसला. "फेका की तिकडे."

त्सुजिमुराने ते फेकलं नाही. खिशातला धुतलेला रुमाल काढून त्यात ठेवलं. पॉइंट कागदाने पुसले, रोटर बसवला, टोपण लावलं. चावी फिरवताच इंजिन धडधडलं. "अरे वा, गुरूच आहात!" हाताकेयामा टाळी वाजवायला गेला...

इंजिन बंद पडलं.

पुन्हा टोपण. पुन्हा नख. हे अंगठ्याचं होतं. फटीत बसेना म्हणून मधोमध वाकलेलं.

तिसऱ्यांदा त्सुजिमुराने पॉइंट पुसले आणि टोपण लावलंच नाही. टॉर्च धरून वाकून बघत राहिला. फट स्वच्छ. काही नाही. पापणी लवली...

नख होतं. त्याखाली पांढुरक्या पाण्याचा एक थेंब जमत होता.

त्सुजिमुरा सरळ उभा राहिला. "तुमचे भाऊ कसे गेले, हाताकेयामा-सान?"

"छातीत कळ आली. इथेच."

"इथे म्हणजे?"

"गाडीशी. बोनेट उघडं होतं, इंजिनावर पालथा पडलेला. टोपण त्याने उचकटून काढलं होतं. हातात धरलेलं. बोटांची पार वाट लागली होती म्हणे, डॉक्टर म्हणाले. मला ते बघायला आवडत नाही."

"टोपणाखाली रोटर होता?"

माकूळ चघळणं थांबलं.

"होता?"

"मी काढून ठेवला होता. आदल्या दिवशी. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, म्हटलं उगाच कुठे धडकवेल गाडी. गाडी तशी मलाच द्यायचं कबूल केलं होतं त्याने, पण देत नव्हता."

"त्या रात्री तुम्ही घरात होतात?"

"होतो की."

"सेल्फचा आवाज आला असेल."

"आला ना. कितीतरी वेळ घरघर चालली होती. आधी जोरात, मग मंद... मग बॅटरी बसली." त्याने माकळाचा दुसरा तुकडा तोंडात टाकला. "मी आंघोळीला टबात बसलो होतो. उठलो असतो तर पाणी निवलं असतं."

त्सुजिमुरा शेडबाहेर गेला आणि भिंतीला धरून ओकला. नंतर मी विचारलं, "नखांमुळे?" तो म्हणाला, "नखं मी रुमालात बांधून खिशात घेतली होती, त्यांची किळस कधीच गेली होती. मी ओकलो ते त्या चघळण्यामुळे."

"अहो, काम अर्धवट टाकून कुठे निघालात?" मागून हाक आली. त्याने वळून बघितलं नाही.

व्हॅन चढ उतरायला लागली. शेजारची सीट रिकामी. हत्यारं मागे.

टिंग. टिंग. टिंग.

समोर लाल दिवा लागला. शेजारी बसलेल्याने पट्टा लावलेला नाही.

त्सुजिमुराने बाजूला बघितलं नाही. सडक्या माशाचा वास आला. दाट. श्वासाबरोबर घशात उतरणारा. सीटची स्प्रिंग कुरकुरली. कुणीतरी कष्टाने श्वास घेत होतं... घेतलेला सुटत नव्हता.

टिंग. टिंग.

त्याने गाडी कडेला घेतली. डोळे मिटले. डावा हात लांब करून पट्टा ओढला, पुढून घेतला. मनगटाला काहीतरी लागलं. गार. बुळबुळीत. आतून हलणारं. तरी खटका बसेपर्यंत त्याने हात मागे घेतला नाही.

टिंगटिंग थांबली.

"दवाखान्यात जायचंय ना?" तो म्हणाला. "मी नेतो. बसा."

त्याने गिअर टाकला.

पंधरा मिनिटांचा रस्ता. त्या थंडीतसुद्धा काच खाली करून, तोंड बाहेर काढून त्याने गाडी चालवली. दवाखान्याच्या तातडीच्या दारासमोर थांबला. पहारेकरी धावत आला. "पेशंट कुठेय?"

शेजारी खटका सुटला. पट्टा सरसरत वर गेला.

वास गेला.

दुसऱ्या दिवशी त्सुजिमुराने रुमाल देवळाच्या भटजींकडे सोपवला, त्यांनी मंत्र म्हणून तो थोरल्या भावाच्या थडग्यात, राखेशेजारी पुरला. हाताकेयामा अजून तिथेच राहतो. गाडी कुणी घेतली नाही, आणि त्याचं कुठलंच काम आपण हातात घेत नाही. का, ते आता कळलं ना?

त्सुजिमुरा गेल्यावर त्याची व्हॅन माझ्याकडे आली. ती काय, बाहेर उभी आहे. डाव्या खिडकीच्या काचेला आतून एक तेलकट ठसा आहे, दवाखाना आला का बघायला कुणी कपाळ टेकवावं तसा. मी साबण लावला, पेट्रोल लावलं, शेवटी काचच बदलली.

नव्या काचेवरही आहे.