पालथा पडलेला माणूस

तो फोटो पाहिला नाही असा माणूस त्या गावात शोधून सापडला नसता. शाळेच्या पुस्तकात तो होता, टपालाच्या तिकिटावर होता, केस कापायच्या दुकानात आरशाशेजारी होता, आणि युद्धसंग्रहालयाच्या दारात तर होताच. उतरती टेकडी, वर धुराचा पट्टा, झेंडा रोवणारे जवान आणि खाली गवतात पडलेले सहा जण. खाली छापलेलं असे, 'विजयाची किंमत'. पन्नास वर्षं लोक त्या फोटोपुढे मान खाली घालत आले होते, आणि तो फोटो खोटा होता.

हे ठाऊक असलेली माणसं आता दोनच उरली होती. एक आचारीकाका, कारण पडलेल्या सहांतले एक ते स्वतः होते. दुसरी ताई, कारण फोटो तिच्या वडिलांनी काढला होता आणि आचारीकाकांच्या तोंडात तीळ भिजत नसे.

"लढाईच्या दुसऱ्या दिवशी तुझे बाबा कॅमेरा घेऊन आले," ते रंगवून सांगत. "टेकडीवर बघतात तर नुसता झेंडा. पलटणीचे साहेब म्हणाले, एवढी मोठी लढाई, पाच-सहा तरी पडलेले दिसायला नकोत? मग काय, भटारखान्यातले आम्ही आणि गाड्यांवरचे ड्रायव्हर. मरा म्हणाले, मेलो. जेवणाची वेळ झाली, उठलो."

ताई हसायची. संग्रहालयाच्या तळघरातली डार्करूम ती चालवायची. संचालकांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला ताईच म्हणत. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. खोटा का होईना, फोटो अन्नाला लावणारा होता, असं ती स्वतःशी म्हणे आणि कामाला लागे.

तिच्या आईला मात्र तो फोटो बघवत नसे. आईचा धाकटा भाऊ त्याच टेकडीवर पाठवला होता आणि परत आला नव्हता. मेलेल्यांत त्याचं नाव नव्हतं. सरकारने 'बेपत्ता' म्हटलं आणि गावाने त्याचा सरळ अर्थ लावला: पळाला. स्मारकाच्या दगडावर त्याला जागा मिळाली नाही. आई बाजारात गेली की बायकांची कुजबुज थांबायची आणि ती पुढे गेली की पुन्हा सुरू व्हायची. 'मेला' हा शब्द मात्र तिने घरात कधी कोणाला उच्चारू दिला नाही. नवऱ्याला ती विचारी, "तुम्ही तिथे होतात. तुम्हाला दिसला नाही?" ते ताटातून मान वर न करता म्हणत, "नाही."

यंदा लढाईला पन्नास वर्षं होत होती. संचालकांना तो फोटो भिंतभर मोठा हवा होता. त्यासाठी तिजोरीतली मूळ निगेटिव्ह, बाबांच्या हातची काच, पहिल्यांदाच ताईच्या हाती आली.

"एवढा मोठा करणार म्हणजे झेंड्याजवळच्या गर्दीतले चेहरेही दिसतील," आई म्हणाली. नुकतंच तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि ती जगाकडे जरा रागानेच बघत होती. "त्यात तो असेल. बघ नीट. तो टेकडीवर होता एवढं दाखव मला. मग मी एकेकीचं तोंड बंद करते."

ताईने सकाळी लाल दिव्याखाली पहिली लहान प्रिंट काढली. झेंड्याजवळचे चेहरे धुरात पुसट होते. मामा त्यांत नव्हता. ती हिरमुसली. मग सवयीने तिची नजर आचारीकाकांकडे गेली. पुस्तकातल्या फोटोत ते डावीकडून दुसरे, गुबगुबीत गालांचे, ओठ आवळून हसू दाबणारे. या प्रिंटमध्ये तिथे एक हडकुळा माणूस पडला होता. त्याच्या जबड्याला फडकं बांधलेलं होतं.

काच जुनी, रसायन जुनं, आपलेही डोळे काही नवे नाहीत. तिने प्रिंट बाजूला ठेवली आणि चहा प्यायला वर गेली.

दुसऱ्या दिवशीच्या प्रिंटमध्ये आणखी दोघे बदललेले होते. एकाचे बूट गेले होते आणि पायाचा अंगठा मोज्यातून बाहेर आला होता. पुस्तकात तिथे एक ड्रायव्हर होता, चांगले पॉलिश केलेले बूट घातलेला. ताईने काच उजेडावर धरली. काचेवर ओरखडा नव्हता, डाग नव्हता, कोणी हात लावल्याची खूण नव्हती. तिने फोन करून आचारीकाकांना बोलावून घेतलं.

ते काठी टेकत तळघरात उतरले, तेही थट्टा करतच. "काय गं, माझं प्रेत खराब झालं की काय?"

तिने प्रिंट पुढे केली. त्यांनी चष्मा लावला. मग त्यांनी हात मागे नेऊन चाचपत स्टूल शोधलं आणि बसले.

"हा न्हावी," ते म्हणाले. "आमच्या पलटणीचा. त्या दिवशी सकाळी याने माझी दाढी केली होती."

"आणि हा, बूट नसलेला?"

"त्याचे बूट मीच काढले." त्यांनी चष्मा पुसला. "चांगले होते."

ज्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही असं ती समजत होती, त्या माणसाने पन्नास वर्षं एक आख्खा डोंगर तोंडात धरून ठेवला होता.

"आपल्याच तोफा, पोरी," ते हळू म्हणाले. "गोळे अलीकडे पडले. झेंडा लागला तेव्हा वर शत्रू नव्हताच, तो रात्रीच निघून गेला होता. ही आपलीच मुलं. रातोरात चर खणला, त्यांना आत टाकलं आणि वर चुना टाकला. चुन्याच्या गाड्या माझ्याच भटारखान्यातून गेल्या. घाई अशी की कोणी नाडीसुद्धा बघितली नाही. सकाळी वर्तमानपत्रवाले यायचे होते ना."

"आणि मग तुम्हाला झोपवलं."

"जिथे जे पडले होते तिथेच झोपवलं. खुणा करायची गरजच नव्हती, गवत दबलेलं होतं. न्हाव्याच्या जागेवर मी. ऊब नव्हती, पण मला सारखी लागत होती." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "पाच जण मिळाले. सहावा कमी पडत होता."

ताईने प्रिंटकडे पाहिलं. सहावा सगळ्यांत पुढे होता, पालथा, तोंड गवतात. पुस्तकातही तसाच.

"हा कोण?"

"तुझे बाबा. कोण कुठे पडला होता ते त्यांनी साहेबांकडून आधी विचारून घेतलं होतं. कॅमेरा लावून दिला, बटण एका ड्रायव्हरला दाबायला सांगितलं. मी म्हटलं, त्या जागी मी कोणाला तरी आणतो. तर म्हणाले, नको, तिथे मीच झोपतो. आणि झोपताना रडत होते. मला वाटलं, माणूस हळव्या मनाचा आहे."

ते जायला उठले तेव्हा ताईने त्यांना हात दिला नाही. तिला देववला नाही.

बाबांना माहीत होतं. रोज ताटावर बसून, आईने वाढलेलं जेवत, ते 'नाही' म्हणत होते. ताईला त्यांचा असा संताप आला की तिने भिंतीवरचा त्यांचा फोटो उतरवून खोक्यात टाकला.

संचालक दुपारी खाली आले. जुनी प्रिंट आणि नव्या प्रिंट त्यांनी शेजारी ठेवून पाहिल्या. त्यांना काय दिसलं ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. पण ते मुरलेले अधिकारी होते.

"ताई, आपण पुस्तकातल्या फोटोवरूनच मोठा करू," ते म्हणाले. "इतिहास असा दर प्रिंटला बदलून चालत नाही."

"आणि काच?"

"संध्याकाळी मी घेऊन जाईन. या प्रिंटही."

ते गेले. ताईने आतून कडी लावली आणि शेवटचा कागद काढला.

या वेळी तिने काच पुढे-मागे करून फक्त पुढचा माणूस धरला. कागद ट्रेमध्ये बुडवला. आधी गवत आलं. मग खांदा आला. मग बराच वेळ काहीच आलं नाही.

मग चेहरा आला.

तो पालथा नव्हता. मान वळलेली होती आणि आईचं नाक त्या चेहऱ्यावर होतं, आईची रुंद कानशिलं होती.

ताई रडली. डार्करूममध्ये रडायची सोय असते, कोणी विचारत नाही.

प्रिंट वाळल्यावर तिने उजेडात पाहिली. डोक्यावर आणि हनुवटीवर पांढऱ्या रेघा होत्या, दाट. काचेवरची धूळ कागदावर अशीच पांढरी उमटते, आणि बारीक ब्रशने काळा रंग भरून ती झाकायची असते. आयुष्यभर ती हेच करत आली होती. हात घाईत होता, बाहेर जिन्यावर पावलं वाजत होती. तिने भराभर रंग भरला, प्रिंट वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातली आणि संचालकांच्या हाती काच देऊन घरी आली.

आई खिडकीशी बसली होती. ताईने प्रिंट तिच्या मांडीवर ठेवली.

"तो नव्हता पळाला, आई," ती म्हणाली. "इथेच होता. बाबांना माहीत होतं."

आईने नवऱ्याबद्दल एक शब्दही काढला नाही. ती फक्त बघत राहिली. तिचा कडवटपणा सैल होत गेला आणि चेहरा एखाद्या मुलीचा झाला.

"माझा बाळ्या," ती म्हणाली. तिने त्याच्या गालावरून बोट फिरवलं, मग केसांवरून. थांबली. बोटाला काळं लागलं होतं.

"हे काय फासलंयस?"

"धूळ होती गं. पांढरे डाग."

आईने बोट जिभेला लावलं आणि पुसत गेली. कपाळापासून मागे. मग हनुवटी. रंग निघत गेला.

धूळ नव्हती.

ताईने वाकून पाहिलं. डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या होत्या. गाल बसले होते. न्हावी पन्नास वर्षांनीही मेला त्या वयाचाच, कोवळा होता, बूट गेलेला पोरगा कोवळा होता. हा नव्हता.

आईचा हात तिथेच, त्या पांढऱ्या केसांवर राहिला.

"माझ्याहून दोन वर्षांनी लहान," ती म्हणाली, "आणि बघ गं, किती म्हातारा झालाय."