भिंतीवरचा बाप

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल दुसरं काहीतरी वाचावं, माझं काही अडलेलं नाही.

आणि आधीच सांगतो, यात अमावास्येची रात्र नाही. वारा सुटलेला नाही, कुत्री रडत नाहीत. हे सगळं भर दिवसा घडलं, एका टीव्ही मालिकेच्या सेटवर, पाच-पन्नास माणसांच्या गर्दीत आणि डोळे दिपतील एवढ्या दिव्यांखाली.

घडलं माझ्या सख्ख्या ताईच्या बाबतीत.

ताई रंगभूषा करते. बोलणं मोजकं, थापा मारायची सवय नाही, आणि भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून जाणारी. त्या मालिकेचा हिरो म्हणजे तिचाच नवरा. माझे भाऊजी.

भाऊजींबद्दल काय सांगू? माणूस वाईट नव्हता. फक्त आरसा दिसला की पाय तिथेच रुतायचे. आरसा नसला तर चमच्यात बघून घ्यायचे. "आधी खा, मग बघ," असं ताई जेवताना म्हणायची.

मालिका वर्षानुवर्षं चालली होती. एक दार वाजलं की ते उघडायला तीन भाग. पहिल्या भागात जी बाई रडत होती ती अजून रडतच होती, मधल्या काळात फक्त रुमाल बदलले.

तिथे एक पद्धत होती. हिरोच्या अंगावर जे काही उगवेल, ते लेखक गोष्टीत ढकलायचा. भाऊजींना पोट सुटलं, तर हिरो धंद्याच्या काळजीने खात सुटला. केस विरळ झाले, तर काळजी आणखी वाढली. घरी स्टुलावरून पडून हात मोडला, तर म्हणे खलनायकाने जिन्यावरून ढकललं.

लेखक महाशयांना याचा कोण अभिमान. "चेहरा सांगतो, मी फक्त लिहितो," असं म्हणत ते चहात बिस्किट बुडवायचे. बिस्किट दर वेळी कपात पडायचं. गोष्टीवर पकड तेवढीच होती.

तर या हिरोचा बाप मेलेला होता, आणि मेलेल्या बापाचा फोटो भिंतीवर हवा होता. एखाद्या नटाला बसवून काढता आला असता. पण एवढी तसदी कोण घेणार? सेटचं सामान जमवणारा गृहस्थ भंगारवाल्याकडे गेला आणि एक जुना फोटो चौकटीसकट उचलून घेऊन आला. कुणाचा, कुठला, काही विचारलं नाही.

"मेला असेलच की आता," तो म्हणाला. "बापासारखा दिसतोय ना, झालं तर."

चाळिशीचा माणूस होता. भांग उजवीकडून. एक भुवई जरा वर चढलेली. कानाच्या पाळ्या गालाला चिकटलेल्या.

भागात लिहायला काही उरलं नाही की लेखक हिरोला या फोटोसमोर उभं करायचे. म्हणजे जवळजवळ रोजच. डोळ्यांत ग्लिसरीन घालून भाऊजी म्हणायचे, "बाबा, मला तुमच्यासारखं व्हायचंय. या ना, बाबा. एकदा परत या."

रोज. वर्षानुवर्षं. एका परक्या मेलेल्या माणसाला.

जिवंत माणसाला सुद्धा कुणी इतक्या कळवळून बोलावत नाही.

पहिल्यांदा लक्षात आलं ते एका सकाळी. भाऊजींच्या भुवईत टाक्यांची खूण होती. लग्नाआधी ताईला स्कूटरवर मागे बसवून हिरोगिरी करायला गेले होते, थेट खड्ड्यात. ती खूण ताई रोज रंगाने झाकायची. त्या सकाळी तिने बोटावर रंग घेतला, भुवईवर टेकवला आणि…

झाकायला काही नव्हतंच.

तिने कापसाने पुसून पाहिलं. दिवा जवळ ओढला. कातडी गुळगुळीत.

"खूण कुठे गेली रे?"

"क्रीम लागू पडलं बघ," भाऊजी खुशीत म्हणाले.

"एवढ्या वर्षांची खूण क्रीमने जात नाही."

"अगं, तुला माझं चांगलं झालेलं बघवतच नाही."

मग भांग. सकाळी ताई डावीकडून पाडायची. पाणी मारून, फवारा मारून घट्ट बसवायची. दुपारपर्यंत केस आपोआप… उजवीकडे.

मग एक भुवई वर चढली. ती खाली येईना.

लेखक महाशय तर हुरळलेच. "काय करारी दिसतोय. आता हिरो घराचा कर्ता होतो असं लिहितो." लिहिलं. आणि लोकांना ते इतकं आवडलं की विचारू नका. बघणाऱ्यांची अक्कल ती.

ताईने दिग्दर्शकाला गाठलं. "त्याचा चेहरा बदलतोय."

"बदलू दे की. लोक बघतायत," मोबाइलमधून मान वर न काढता दिग्दर्शक म्हणाला.

तिने भाऊजींना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांच्या बायकोला मालिका फार आवडायची. तपासणी झाली चुटकीसरशी, सेल्फी मात्र मनसोक्त.

एकदा फोटोसमोरचा प्रसंग चालू होता. भाऊजींनी नुसतं गप्प उभं राहायचं होतं. आवाज टिपणाऱ्याने अचानक हेडफोन काढला.

"कोण खाकरलं?"

कुणीच नाही. पुन्हा शॉट लावला. पुन्हा शांतता. आणि…

"परत खाकरलं कुणीतरी," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "माइक हिरोच्या छातीवर आहे. आवाज तिथूनच येतोय. पण ह्यांचं तोंड मिटलेलं आहे."

"नंतर काढून टाकू तो आवाज," दिग्दर्शक म्हणाला. त्या लोकांचं सगळ्यावर हेच औषध होतं.

पण ताई हादरली ती वेगळ्याच गोष्टीने. भाऊजींनी आरशात बघणं सोडलं होतं. घरातल्या आरशासमोरून ते असे जायचे, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. जेवताना चमचा सरळ तोंडात. ज्या सवयीला ती जन्मभर वैतागली, ती गेल्यावर तिला रडू आलं.

आणि मग ती दुपार.

जेवणाची सुट्टी झाली होती. भाऊजी एकटेच सेटवर उभे होते, फोटोखाली. ताई पावडर लावायला गेली, आणि दोन्ही चेहरे तिच्यासमोर एकाखाली एक आले.

भांग. भुवई. कानाच्या पाळ्या… गालाला चिकटलेल्या.

त्या फोटोशी इतकी वर्षं बोलणं चाललं होतं. त्याच्याकडे बघितलं कुणीच नव्हतं.

"हा फोटो काढा," ताई ओरडली. "आत्ताच्या आत्ता खाली काढा."

लेखक महाशय धावत आले. त्यांनी फोटो पाहिला, भाऊजींना पाहिलं, परत फोटो पाहिला. ताईला वाटलं, निदान आता तरी हा माणूस घाबरेल.

त्यांनी टाळी वाजवली.

"दुहेरी भूमिका. बापाचा भूतकाळ दाखवायचा, आणि बाप हाच करणार. रंगभूषासुद्धा लागायची नाही."

ताईने भाऊजींचा हात धरला. "नको करूस. चल, आपण घरी जाऊ."

भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं. त्या वेळी डोळे तरी त्यांचेच होते. तिचं मनगट त्यांनी इतकं घट्ट धरलं की नखं रुतली.

"अगं," ते हळूच म्हणाले, "मला सकाळपासून आपलं घर कुठे आहे ते आठवत नाहीये."

तेवढ्यात शॉट तयार असल्याची हाक आली, आणि सेटवरच्या दोन पोऱ्यांनी त्यांना खांद्याला धरून नेलं.

जुन्या पद्धतीचे कपडे घातले. खुर्ची, हातात वर्तमानपत्र. कॅमेरा सुरू झाला. भाऊजी वाक्य बोलेनात. ते उठले, भिंतीपाशी गेले, भिंतीवर हात फिरवला. प्लायवूडची रंगवलेली भिंत ती.

"हे माझं घर नाही," ते म्हणाले. आवाज त्यांचा नव्हता. "मी इथे कसा आलो? घरी वाट बघत असतील." आणि ते खाकरले.

"काय उत्स्फूर्त काम आहे," दिग्दर्शक कुजबुजला. "थांबवू नका."

भाऊजी दिव्यांच्या मधून चालत बाहेर पडले. मागे टाळ्या वाजल्या. टाळ्या वाजवल्या त्या मूर्खांनी.

ताई तशीच मागे धावली, पावडरचा पफ हातात घेऊन. नावाने हाका मारत होती. ते वळून बघत नव्हते. रस्त्यावर लख्ख ऊन, माणसांची वर्दळ. एरवी हा माणूस दिसला की घोळका जमायचा. त्या दिवशी एकानेही मान वळवली नाही.

न चुकता, न विचारता ते चालत होते. एका गल्लीत वळले, एका जुन्या इमारतीचा जिना चढले. दारावर बेल होती. त्यांनी कडी वाजवली.

दार उघडलं एका म्हातारीने. आत टीव्ही चालू होता.

म्हातारी दचकली नाही. बाजूला सरकली.

"आलात? बसा, चहा टाकते."

भाऊजींनी चपला काढल्या, कोपऱ्यात सरळ लावल्या आणि आत गेले.

"आजी," ताईला धाप लागली होती, "तो माझा नवरा आहे. मालिकेत काम करतो."

"माहीत आहे गं, बाळ. एक भाग चुकवला नाही मी," म्हातारी म्हणाली. तिच्या बोलण्यात खरंच माया होती. "पुतण्याने यांचा फोटो अडगळीबरोबर भंगारात दिला, मला न विचारता. किती रडले मी. आणि एक दिवस टीव्ही लावला, तर हे समोर भिंतीवर. मग तुझा नवरा यांना रोज बोलवायला लागला."

तिने आत एकदा वळून पाहिलं.

"रोज बघत होते मी. रोज थोडे थोडे येत होते."

आणि तिने दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी ताईबरोबर गेलो. दार त्यांनीच उघडलं.

"कोण हवंय आपल्याला?" त्यांनी ताईला विचारलं. अगदी अदबीने.

पोलिसांत गेलो. पोलिसांनी ताईजवळचा भाऊजींचा फोटो त्या माणसाच्या तोंडाशेजारी धरला. "बाई, हा तो नाही," म्हणाले. मी तिथेच उभा होतो. खरंच नव्हता.

मालिकेचं काही बिघडलं नाही. लेखक महाशयांनी हिरोला अपघात घडवला, चेहऱ्यावर शस्त्रक्रिया केली, आणि पट्ट्या सोडल्यावर नवा नट निघाला. लोकांनी तोही गोड मानून घेतला.

ताईने काम सोडलं. दुपारची ती त्या इमारतीच्या जिन्यात जाऊन बसते. "एक जण बोलावल्यावर आला," ती म्हणते, "तर दुसराही येईल." आणि बंद दाराकडे बघत हळू आवाजात भाऊजींना हाका मारत राहते.

मी तिला अडवत नाही. सोबतही जातो. पण ती हाका मारायला लागली की मी जिन्यात थांबत नाही. येणाऱ्याला कुणाचा तरी चेहरा लागतो. खाली रस्त्यावर येऊन उभा राहतो, चार माणसांत.