टेपचं दुसरं टोक

टेपचं दुसरं टोक धरायला कुणीच नव्हतं, म्हणून तर हे सगळं घडलं. ऑफिसातला जोडीदार ऐन वेळी तापाचं निमित्त सांगून घरी बसला आणि रेसकोर्सवरचे तबेले मोजायला ती एकटीच आली. तीस मीटरचा टेप. एका टोकावर वीट ठेवायची, दुसरं टोक ओढत न्यायचं आणि वळून पाहावं तर वीट आपली मागोमाग हजर! तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा मागून कुणीतरी हसलं.

"हसायला काय झालं?" ती फणकारली.

"मी नाही हसलो. ही हसली." मांडीवर घोडीचा पाय घेऊन, कमरेला चामड्याचा एप्रन बांधून एक तरुण कानशीने तिचा खूर घासत बसला होता. घोड्यांना नाल ठोकणारा. सगळं रेसकोर्स त्याला नालबंद म्हणूनच ओळखायचं. "धरू का टोक?"

"आणि तुमचं काम?"

"पाय तिच्यापाशीच आहे. कुठे पळून जात नाही."

तिला हसू आलं. नको होतं यायला, पण आलं.

आता काम म्हणाल तर अर्ध्या दिवसाचं. एक लांब दगडी रांग, चाळीस घोड्यांची. पण मोजणी चालली तीन दिवस! कसं काय, ते त्या दोघांनाच विचारा. पहिल्या दिवशी म्हणे उजेड कमी होता. दुसऱ्या दिवशी पाऊस भुरभुरला आणि दोघं पत्र्याच्या वळचणीखाली खांद्याला खांदा लावून उभी राहिली. बरं, तिसऱ्या दिवशी तर आधी मोजलेलंच पुन्हा मोजलं, खात्रीसाठी! तोवर त्याने तिचं बारसंही करून टाकलं होतं.

"ओ इंचपट्टी, माझी उंची मोजायची राहिली."

"तुम्ही कुठे नकाशात येणार आहात?"

"नकाशात नाही आलो तरी चालेल. दुसरीकडे कुठे जागा असेल तर बघा…"

ती लाजली, आणि लाजल्याचं दिसू नये म्हणून वहीत काहीतरी लिहीत राहिली. पाहिलं तर एकच आकडा चार वेळा लिहिला होता.

ती एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मॉडेलं बनवायची. पुठ्ठा, फोम आणि स्पंजच्या झाडांतून उद्याचं शहर टेबलावर उभं करणं हे तिचं काम. या वेळचं मॉडेल मात्र गावभर गाजत होतं. रेसकोर्सच्या अर्ध्या जमिनीवर उंच इमारती, प्रेक्षकांच्या जुन्या स्टँडच्या जागी हॉटेल आणि कॅसिनो, आणि कॅसिनोच्या कमाईवर उरलेल्या धावपट्टीवर वर्षातून मोजक्या शर्यती. शहरात दोन तट पडले होते. एक म्हणायचे, तोट्यातलं रेसकोर्स यानेच वाचेल. दुसरे म्हणायचे, एक जुगार वाचवायला दुसरा कशाला घरात घेता? चहाच्या टपरीवर, न्हाव्याच्या खुर्चीत, जिथे बघावं तिथे हाच वाद.

या दोघांचाही व्हायचा.

"रेस म्हणजे तरी काय हो? जुगारच की," ती मुद्दाम खोडी काढायची.

"जुगार माणसं खेळतात. घोडा नुसता धावतो. त्याला विचार, तुझ्यावर कुणी काय लावलंय? तो म्हणेल, गवत कुठे आहे?"

"आणि कॅसिनोने रेस जगवली तर?"

"जगवतील, शोभेपुरती. शर्यतीच्या दिवशी लांबून ट्रकमधून घोडे आणतील, पळवतील, परत नेतील. इथे राहणार कुणीच नाही." मग तिचा चेहरा पडलेला पाहून तोच विषय बदलायचा. "तुझ्या बोटाला काय झालं?"

"कटर लागला."

"बघू." त्याचे हात राकट, डागांनी भरलेले. पण बोट असं हलक्या हाताने धरलं, की जखम होती त्याहून मोठी असती तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. घरी आई म्हणाली, "मोजणी संपून महिना झाला, तरी रोज सकाळी रेसकोर्स कशाला?" हिने सांगितलं, चालायला. आईने नुसतं 'बरं' म्हटलं. आया 'बरं' म्हणतात तेव्हा त्यांना सगळं कळलेलं असतं.

मग एका सोमवारी साहेबांनी मॉडेलभोवती एक चक्कर मारली आणि तबेल्यांवर बोट ठेवलं. "ही रांग काढ."

"पण साहेब, आहे ती तिथे. मी स्वतः मोजलीय."

"मोजलीस ते छान केलंस. क्लायंटने दिलेल्या नकाशात नाही ना? मग काढ."

साहेब काही वाईट माणूस नव्हता. पुठ्ठे कापणाऱ्या पोरीला हाताला धरून त्यानेच कारागीर बनवलं होतं. आणि ती कशी? सरळ, नाकासमोर चालणारी. शाळेत बाई म्हणाल्या गप्प बस की ही मधल्या सुट्टीतही गप्प! तिने पातं घेतलं, चाळीस घोड्यांची रांग उचलली आणि तिथे स्पंजची हिरवळ चिकटवली. सुंदर दिसत होती हिरवळ.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला सगळं खरं सांगून टाकलं. तो रागावला नाही. बराच वेळ हातातली हातोडी फिरवत बसला.

"पुढच्या आठवड्यात मंजुरी देणाऱ्या समितीपुढे जाहीर सुनावणी आहे," तो म्हणाला. "जागेवर पक्कं बांधकाम असेल तर त्याच आवारात त्याला दुसरी जागा द्यावीच लागते. रिकामं असेल तर प्रश्नच मिटला. आम्ही बोलू, घोडे सांभाळणारे मोतद्दार बोलतील. पण आम्ही पडलो घोडेवाले, आम्ही आमचंच म्हणणार. मोजलंयस तू. तू सांगितलंस तर ऐकतील."

"माझी नोकरी…"

"हो. तेही आहेच." तो थांबला. "नाही म्हणालीस तरी मी समजून घेईन. पण म्हणायचं असेल तर आत्ताच नाही म्हण. मग माझा मी दुसरी वाट शोधेन."

तिने त्याच्याकडे पाहिलं. या माणसासाठी आपण काहीही करू, असं तिला त्या क्षणी अगदी आतून वाटलं. आणि ते खोटं नव्हतं हो!

"सांगेन."

"नक्की?"

"नक्की."

त्याने तिचा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. घोडीने मान वळवून दोघांकडे पाहिलं, तेव्हा कुठे सोडला.

सुनावणीला सभागृह गच्च भरलं होतं. मधोमध काचेखाली मॉडेल, शेजारी उभी ती. साहेब सकाळी एवढंच म्हणाले होते, "तू फक्त उभी राहा." भाषणं झाली. टाळ्या झाल्या, आरडाओरडा झाला. मोतद्दारांचा म्हातारा मुकादम बोलता बोलता रडला. नालबंद बोलला ते थोडकंच, पण मुद्द्याचं. कॅसिनोवाल्या कंपनीच्या वकिलांनी शांतपणे सांगितलं, तिथे आहेत त्या चार तात्पुरत्या शेड. समितीच्या अध्यक्षबाई चष्मा सावरत मॉडेलपाशी आल्या.

"एक म्हणतात पक्के दगडी तबेले, एक म्हणतात शेड. इथे तर नुसती हिरवळ. हे मॉडेल कुणी केलं?"

"मी," ती म्हणाली.

"मग तुम्हीच सांगा. ही जागा रिकामी आहे का?"

चौथ्या रांगेत तो उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर काळजी नव्हतीच. तिने शब्द दिला होता ना! साहेब आपल्या बुटांकडे बघत होते. कुणी धमकावलं नाही, कुणी डोळे वटारले नाहीत. तरीही ओळखीचं, पाठ झालेलं, ऑफिसात शंभरदा म्हटलेलं एक वाक्य तेवढं तोंडातून बाहेर पडलं.

"मॅडम… मॉडेल आम्ही नकाशावरून करतो."

अध्यक्षबाईंनी मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं. तिने वर पाहिलं तेव्हा चौथ्या रांगेतली ती जागा मोकळी होती.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. कॅसिनोला मंजुरी, इमारतींना मंजुरी, तबेल्यांचा उल्लेखसुद्धा नाही. दुसऱ्याच दिवशी ती समितीच्या कार्यालयात गेली. वहीतली सगळी मापं कागदावर उतरवून, खाली सही करून तिने टेबलावर ठेवली. कारकुनाने कागद वाचला, पुन्हा वाचला आणि कीव आल्यासारखा म्हणाला, "ताई, मुदत संपली हो." तिथून ती थेट ऑफिसात गेली आणि राजीनामा दिला. पण आता त्याचा कुणाला काय उपयोग?

घोडे हलवायचे ठरले ते आठ तासांवरच्या दुसऱ्या शहरात. शेवटच्या सकाळी ती गेली. ट्रक उभे होते, एकेक घोडा फळीवरून खूर वाजवत चढत होता. तो दोरखंड आवळत होता. तिला पाहून थांबला.

"रागावलायस?"

"तू खोटं बोलली असतीस तर रागावलो असतो. मी कितीदा तुझं वाक्य आठवून बघितलं. त्यात खोटं सापडतच नाही." तो हसायला गेला आणि त्याला जमलं नाही. "नकाशावरूनच केलं होतंस की ते."

"मी नंतर गेले होते… सगळं लिहून दिलं. नोकरीही सोडली."

"कळलं मला. मुकादमाने सांगितलं."

"माझं प्रेम आहे तुझ्यावर," ती म्हणाली. चांगलं मोठ्याने म्हणाली. ट्रकवरचे मोतद्दार वळून बघायला लागले, तरी थांबली नाही. "मोजणीच्या पहिल्या दिवसापासून. मला येऊ दे तुझ्याबरोबर."

त्याचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

"माझंही आहे," तो म्हणाला. "पण पुढे कधी अडचणीत मी मान वर करून तुझ्याकडे बघेन, तेव्हा आधी मला ते सभागृहच दिसेल. मी ते विसरायचा प्रयत्न करतोय. अजून नाही जमलं… येऊ नकोस. आलीस तर मी तुला परत पाठवू शकणार नाही, मी ओळखतो मला. म्हणून सांगतो, येऊ नकोस."

ट्रक सुरू झाले. धुरळा बसेपर्यंत ती फाटकापाशी उभी होती.

आणि ती गेली नाही. त्याने नको म्हटलं होतं ना, मग कशी जाणार? सांगितलेलं ऐकायचं, एवढंच तर ती आयुष्यभर करत आली होती.

दोन वर्षांनी मोतद्दारांचा तो म्हातारा मुकादम तिला बाजारात भेटला. नातवाकडे आला होता. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग न राहवून तिने विचारलं, "बरा आहे ना तो?"

"बरा आहे. गेल्या मे महिन्यात लग्न झालं," म्हातारा म्हणाला. मग पिशवी या हातातून त्या हातात घेत हळूच म्हणाला, "पण पोरी, पहिलं वर्षभर इकडची बस आली की हातातलं काम टाकून फाटकाकडे जायचा बघ. आम्ही म्हणायचो, अरे, तूच नको म्हणालास ना तिला? तर म्हणायचा, हो, पण एकदा तरी माझं ऐकणार नाही ती."