उभं राहायची जागा

जुनी फरशी वाचता आली पाहिजे, असं मिस्त्री म्हणायचा. बारा वर्षं चवड्यांवर उकिडवं बसून त्याने फरश्या बसवल्या होत्या, त्यामुळे त्याला ती वाचता यायची. शहराच्या कडेचा हा मॉल तीस वर्षांपूर्वी उघडला, तेव्हा लोक खरेदीपेक्षा सरकत्या जिन्याची हौस भागवायला यायचे, हे त्याला जिन्याच्या पायथ्याशी चकाकी गेलेल्या फरश्यांनी सांगितलं. तिकडे दागिन्यांच्या मोठ्या दुकानातली फरशी मात्र अगदी नवीकोरी. मोठं घर पोकळ वासा! मॉल बंद पडून सहा वर्षं झाली होती. छप्पर गळून भिंतींना शेवाळ आलं होतं. आता नव्या मालकाने सगळं नव्याने करायला काढलं होतं आणि फरशीचं काम मिस्त्रीकडे आलं होतं.

पहिल्या मजल्यावरच्या घड्याळांच्या दुकानात तो जरा रेंगाळला. इथे त्याच्या ताईने चौदा वर्षं काढली होती. आईवडिलांमागे तिनेच त्याला वाढवलं, सकाळी अकरा ते रात्री आठ काउंटरमागे उभं राहून. दुकानाचा नियम होता, गिऱ्हाईक असो नसो, बसायचं नाही. खुर्ची एकच, तीही गिऱ्हाइकाची. काउंटर कोणीतरी केव्हाच उचकटून नेला होता, पण त्यामागच्या फरशीवर दोन पावलांएवढी जागा निस्तेज झाली होती, डावीकडची जास्त. ताईचा उजवा गुडघा लहानपणीच दुखावलेला, त्यामुळे तिचा सगळा भार डाव्या पायावर असायचा. मिस्त्रीने त्या जागेवरून हात फिरवला. मग त्याने छिन्नी लावली आणि ती फरशी उखडली, कारण काम ते काम.

चार दिवसांनी नव्या फरशीवर तेच दोन डाग होते.

माल खराब आला, असं त्याला वाटलं. त्याने दुसऱ्या खोक्यातली फरशी बसवली, टिचकी मारून पाहिली, कुठे पोकळ वाजत नव्हती. तीही तशीच निस्तेज झाली. त्याने माणसांना फैलावर घेतलं. माणसं म्हणाली, त्या गाळ्यात कोणी पाऊलसुद्धा टाकलेलं नाही. तिसऱ्या वेळी त्याने फरशीवर पुठ्ठा अंथरून चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली. आठवड्याने पट्टी सोडवली. पुठ्ठ्यावर ओरखडा नव्हता. खाली डावं पाऊल उमटलं होतं आणि उजवं जेमतेम. साइटवरच्या इंजिनिअरने विचारलं की एका फरशीत एवढं काय अडकलंय, तेव्हा मिस्त्रीने लेव्हलचं काहीतरी कारण सांगितलं.

घरी ताई अंथरुणाला खिळली होती. मॉल बंद पडला त्या वर्षी तिचे पाय दुखायला लागले आणि आता तर दिवसभर पडून असूनही संध्याकाळपर्यंत ते टम्म सुजायचे. चौदा वर्षं उभी राहिलीस, त्याची वसुली आहे ही, असं सगळे म्हणायचे. तीही हसून मान डोलवायची. डॉक्टर मात्र हसत नव्हते. महिनाभरात सूज उतरली नाही तर डावा पाय वाचेलच असं नाही, असं त्यांनी मिस्त्रीला बाहेर बोलावून सांगितलं होतं.

त्या दिवशी तिच्या पायांना तेल लावताना त्याने विचारलं, "कधीपासून दुखायला लागतात गं?"

"अकरापासून," ताई म्हणाली. "आठला सुटतात."

त्याने तेलाच्या बाटलीला झाकण लावलं. तो घाबरला होता आणि आपण घाबरलोय याची त्याला लाजही वाटत होती. अशा गोष्टींवर त्याने कधी विश्वास ठेवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याने बाजारातून एक लाकडी स्टूल घेतलं आणि साडेदहालाच त्या फरशीवर नेऊन ठेवलं. घरी कोणाला काही सांगितलं नाही.

संध्याकाळी जेवताना ताई म्हणाली, "आज बसायला मिळालं."

त्याचा घास हातातच राहिला. "कुठे?"

"कुठे ते नाही कळलं. पण बसले."

तिच्या पायांचे घोटे दिसत होते. कितीतरी महिन्यांनी दिसत होते.

तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी इंजिनिअरने गाळा मोकळा करायला सांगितला आणि कोणीतरी स्टूल कचऱ्यात टाकलं. त्या संध्याकाळी ताईने उशी तोंडात धरून वेळ काढला.

मिस्त्रीने नकाशा मागून घेतला. काउंटरची जागा विजेच्या तारांसाठी बंद होणार होती, पुढे पांढऱ्या बोर्डाची भिंत. त्याने कचऱ्यातून स्टूल शोधून आणलं, त्या फरशीवर ठेवलं आणि चारही पाय गोंदाने पक्के केले.

इंजिनिअर म्हणाला, "हे कशाला आत?"

"आधाराला."

इंजिनिअरला दहा कामं होती. तो पुढे गेला.

गोंद सुकायला एक दिवस दिला. शनिवारी बोर्ड ठोकायच्या आधी मिस्त्री फरशी पुसायला आत गेला. स्टुलाखालची फरशी लख्ख होती. स्टुलासमोर, परवाच बसवलेल्या फरशीवर, दोन नवे डाग होते.

पूर्ण पावलं नव्हती ती. नुसते चवडे. टाचा कुठेच टेकलेल्या नव्हत्या.

तो खाली बघत राहिला. तो उकिडवाच बसला होता. त्याने पाय किंचित पुढे सरकवले.

डागांवर बरोबर बसले.

सुताराने हाक मारली तेव्हा तो उठून बाहेर आला. स्टूल काढायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. सुताराने बोर्ड लावला, स्क्रू पिळले.

रविवारी सुट्टी होती. ताई स्वतः उठली, स्वतः चहा केला, घरभर हिंडली. दिवसभर हा खोलीतून बाहेर का येत नाही, म्हणून संध्याकाळी ती त्याच्या दारात आली. तो भिंतीशी उकिडवा बसला होता. कपाळावर घाम होता. गुडघे सरळ होत नव्हते.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"अकरापासून."

ताईने घड्याळाकडे पाहिलं. आठला दहा मिनिटं होती. ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली, सवयीने डाव्या पायावर भार देऊन, आणि वाट पाहू लागली.