आम्ही, आपण आणि एक कवळी

आमची पहिली भेट झाली तेव्हा मी नखशिखांत भिजले होते आणि आभाळात ढगाचा ठिपकासुद्धा नव्हता.

शाळेच्या मैदानात आमची दातांची गाडी उभी होती. दातांची गाडी म्हणजे एक लांबलचक बस, आत तपासणीची खुर्ची, दिवा आणि बेसिन. तिला पाणी मात्र बाहेरच्या नळावरून पाइप लावून घ्यावं लागायचं. मी नळ सोडला आणि पाइप नळाच्या तोंडातून निसटून असा काही उसळला, की खिडक्यांत जमलेल्या पोरांना फुकटची करमणूक झाली. मी दोन्ही हातांनी त्या पाइपचा गळा धरून त्याला मराठीत यथेच्छ शिव्या घालत होते. परदेशात राहण्याचा हा एक फायदा आहे, वैताग मोकळेपणानं काढता येतो.

"आपण जरा बाजूला होता का?" मागून आवाज आला. चक्क मराठीत!

मी गर्रकन वळले. माझ्याबरोबर पाइपही वळला.

तो समोर उभा होता... पाणीपुरवठा खात्याचा निळा गणवेश, हातात पाना, पापण्यांवर थेंब. आणि हसत होता. समोरचा हसला की मी आधी दात बघते, ती माझी धंद्याची खोड आहे. त्या दिवशी मी डोळे बघितले.

"तुम्हाला मराठी येतं?" मी विचारलं. "म्हणजे आत्ता मी जे बोलले, ते—"

"सगळं नाही समजलं," तो फार गंभीरपणे म्हणाला. "मेल्या म्हणजे काय?"

"पाइप," मी म्हणाले.

त्यानं मान डोलावली आणि दोन मिनिटांत नळ ठीक केला.

त्याचा जन्म इथलाच. आई इथली, वडील सदा फिरतीवर. मराठी शिकला ते आजोबांच्या मांडीवर. आणि आजोबा म्हणजे जुन्या वळणाचं प्रकरण! स्वतःला 'आम्ही' म्हणायचे आणि दारात आलेल्या कोणालाही 'आपण'. 'आम्ही फिरून येतो, आपण बसा.' त्यामुळे हा तरणाबांड माणूस तोंड उघडलं की आजोबांसारखा बोलायचा. मला ते ऐकताना हसू यायचं, आणि मग दिवसभर तेच कानात घोळायचं.

मी तिकडे मायदेशी दातांची चांगली चालती प्रॅक्टिस सोडून इथे आले होते. इथली परीक्षा पास होईपर्यंत कोणाच्या दाताला हात लावायची मुभा नव्हती. म्हणून मी दातांच्या गाडीवर शिक्षिका झाले. उशीएवढा कापडी जबडा, केरसुणीएवढा ब्रश आणि समोर पन्नास चिमुरडी! "वरचे दात खाली, खालचे दात वर, आणि जिभेला विसरायचं नाही..." रविवारी वृद्धाश्रमात जाऊन म्हाताऱ्यांच्या कवळ्या घासून द्यायचे, ते हौसेनं.

"लोकांच्या मुली परदेशात जाऊन नाव काढतात," आई फोनवर म्हणायची, "आणि आमची डॉक्टरीण चुळा भरायला शिकवते!"

पण मला ते काम आवडत होतं. खुर्चीत येणाऱ्याचा दात काढणं निराळं, आणि तो काढायची वेळच येऊ न देणं निराळं. हे पहिल्यांदा कोणाला पटलं असेल तर ते त्या पाणीवाल्याला.

"दुखणं नळातूनसुद्धा येतं," तो म्हणाला. "डोंगरापलीकडच्या गावांत विहिरींचं पाणी असं आहे, की मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात. मुलं तोंडावर हात ठेवून हसतात."

तोंडावर हात ठेवून हसणारी मुलं... ती माझ्या डोक्यातून जाईचनात.

त्या शाळेचा नळ मग वरचेवर बिघडायला लागला. आमची गाडी दुसऱ्या शाळेत गेली, तर तिथलाही बिघडला.

"आम्ही कॉफी घ्यायची का?" एकदा त्यानं विचारलं.

आजोबांचं राजेशाही 'आम्ही'! मला खुदकन हसू आलं. "घ्या की. माझी परवानगी कशाला?"

तो गेला आणि दोन कप घेऊन आला. किती उदार माणूस, मला वाटलं.

मी परीक्षा पास झाले त्या आठवड्यात दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. एक, मोठ्या शहरातल्या काचेरी दवाखान्याचं. तिथे श्रीमंत दात आणखी पांढरे करायचे होते आणि पगार ऐकून आईनं सगळ्या मावश्यांना फोन लावले. दुसरं आमच्याच आरोग्य खात्याचं. डोंगरापलीकडे जाणाऱ्या नव्या गाडीवर डॉक्टर हवी होती. सोमवारी दोघांनाही उत्तर द्यायचं होतं.

मन कुठे ओढत होतं ते मला पक्कं माहीत होतं. फक्त कोणीतरी 'जाऊ नकोस' म्हणावं, एवढंच हवं होतं. कोणीतरी कशाला, त्यानंच म्हणावं.

मी त्याला दवाखान्याचं सांगितलं. तो पाना हातात फिरवत राहिला.

"आपण ठरवा," तो शेवटी म्हणाला. "आम्ही तर नव्या गाडीबरोबर डोंगरापलीकडे जाणार, असं मला... आधी पाणी तपासायचं, मग दात."

आम्ही जाणार. झालं! त्या 'आम्ही'त त्याचं खातं होतं, गाडी होती, डोंगर होता. मी तेवढी नव्हते. मी हसून "छान" म्हणाले आणि गाडीत शिरून कापडी जबड्याचे दात उगाचच पुन्हा घासले. मी त्याच्या प्रेमात पडले होते, आणि मला तेही अगदी त्याच क्षणी कळावं! त्याला रोज बघत, त्याच्या 'आम्ही'च्या बाहेर उभं राहायचं? नको गं बाई. काचेरी दवाखाना बरा.

रविवारी शेवटचं म्हणून वृद्धाश्रमात गेले. तिथे एक निवृत्त मास्तरीणबाई होत्या. जन्मभर मराठी शिकवलेल्या, मुलाच्या घरी करमेना म्हणून स्वतःहून इथे राहायला आलेल्या. त्यांची कवळी हातात घेऊन मी सिंकपाशी घासत होते. त्या शेजारच्या खुर्चीत बोळकं मिटून बसल्या होत्या. तेवढ्यात तो आला... हातात पाना नव्हता. केस विंचरलेले होते.

"डॉक्टरीणबाई, नळ बिघडलाय का?"

"नाही."

"बरं झालं." त्यानं घसा साफ केला. "एक विचारायचं होतं. आम्ही... आम्ही लग्न करायचं का?"

माझ्या हातातला ब्रश थांबला. नळ तसाच वाहत राहिला.

"करा की," मी म्हणाले. "माझी परवानगी कशाला?"

त्याचा चेहरा असा उजळला, की मला त्याचा रागच आला.

"खरंच? मग कधी?"

"मला काय विचारता? जिच्याशी करताय तिला विचारा!"

"तिलाच तर विचारतोय!"

"अहो, पण कोणाशी करताय?"

"आपल्याशी!"

"आपल्याशी? म्हणजे... स्वतःशीच?"

तो हतबुद्ध होऊन माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्याकडे. आणि मास्तरीणबाई खुर्चीचा हात बडवत ओरडायला लागल्या, "माही कवळी! आही माही कवळी हे!"

आधी माझी कवळी दे, असं ते असावं. मी घाईघाईनं धुऊन दिली. त्यांनी ती बसवली, दोनदा टकटक वाजवून बघितली आणि त्याच्याकडे बोट रोखलं.

"बोळक्या तोंडानं व्याकरण शिकवता येत नाही, म्हणून गप्प होते. अरे बाळा, समोरच्याला धरून बोलायचं तर 'आपण'. त्याला वगळून बोलायचं तर 'आम्ही'. तू हिला हिच्याच लग्नातून वगळलंस की रे!"

तो पांढराफटक पडला. "म्हणजे... कॉफी?"

"तेव्हाही," मी म्हणाले.

"आणि डोंगरापलीकडे?"

"तेव्हाही." मला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. "मला वाटलं, त्या 'आम्ही'त मी नाही."

"अहो, तुमच्याशिवाय तिथे जाऊन मी करू काय? आजोबा पाहुण्यांनाच 'आपण' म्हणायचे. मला वाटलं, तो मान द्यायचा शब्द आहे. तुम्हाला जितका देता येईल तितका—"

"मान कोणाला हवा होता? मला गाडीत जागा हवी होती. तुमच्या शेजारी."

बोलून गेले आणि कानशिलं तापली. त्यानं हळूच नळ बंद केला. मग माझा ओला हात हातात घेतला... ब्रशसकट.

"आपण," तो एकेक अक्षर जपून म्हणाला, "आपण लग्न करायचं का?"

"आता बरोबर," मास्तरीणबाईंनी शेरा दिला.

"करायचं," मी म्हणाले. "आणि गाडीसुद्धा आपणच न्यायची."

तिथूनच आईला फोन लावला. काचेरी दवाखान्याला नाही म्हणायचं सोमवारी जमलं असतं, पण मावश्यांपर्यंत बातमी वेळेत जायला हवी होती.

"आई, ऐक. आम्ही लग्न करतोय."

शेजारून माझी बाही ओढली गेली. "आम्ही नाही!" तो कळवळून कुजबुजला. "आपण! आपण!"

"अहो, आईला सांगताना 'आम्ही'च," मी फोनवर हात ठेवून म्हणाले. "आई नाही ना त्यात."

हात नीट ठेवला गेला नव्हता. "मी नाही कशी?" पलीकडून आवाज आला. "माझ्याशिवाय लग्न होतंय कसं तेच बघते! आणि तो कोण आहे? दे त्याच्याकडे फोन."

त्यानं गणवेश नसतानाही कॉलर सरळ केली. आजोबांची सगळी पुण्याई गोळा केली आणि फोन कानाला लावला.

"नमस्कार. आपण कशा आहात?"

आईनं त्याला उत्तर दिलं. मग मला पुन्हा फोनवर बोलावून हळूच म्हणाली, "अगं, बोलतो किती गोड! दात कसे आहेत?"

"अजून नीट बघितले नाहीत गं," मी खरं ते सांगितलं.

बाहेर आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. तो पायरीवर थांबला. कपाळाला आठ्या घालून त्यानं मनातल्या मनात वाक्य जुळवलं, आणि शाळेत उभं केलेल्या मुलासारखा ताठ उभा राहून म्हणाला,

"आपण... कॉफी घ्यायची का?"

त्याला 'घ्या की' ऐकायची सवय झाली होती. मी त्याच्या हातात हात अडकवला.

"घेऊ या," मी म्हणाले.