डावीकडची थाप

नावड्यात त्या रात्री लाइट गेली आणि देवजीकाकांच्या गच्चीवर काका आणि आम्ही तिघंच उरलो: तेजस, उन्नती आणि मी. पलीकडच्या बिल्डिंगा जनरेटरवर उजळलेल्या, आमची तेवढी काळीठिक्कर. तेजसने भुताची गोष्ट मागितली. ऐकीव नको म्हणाला, माणसाला नाव असलेली हवी.

"नाव शांती," काका म्हणाले. "गाव मात्र विचारू नका. तिचा दीर अजून माझ्याशी बोलतो, ते तसंच राहू दे."

काकांचं कळंबोलीत आवार आहे, लोखंडाच्या बाजारामागे. तिथे गाड्या लागतात. शांती आणि तिचा नवरा तुळशीराम यांची पांढरी पिकअप तिथेच लागायची. खाडीकाठच्या कोळी घरातली माणसं. कारखान्यातून बर्फ उचलायचा आणि होड्या निघायच्या आत धक्क्यावर पोचवायचा, हा त्यांचा धंदा. तुळशीराम चालवायचा, शांती त्याची क्लीनर.

उन्नतीला वाटलं क्लीनर म्हणजे गाडी धुणारा. काका हसले. ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्याला डावं अंग दिसत नाही. जागा अरुंद असली की क्लीनर खाली उतरतो, डावीकडून गाडीबरोबर चालतो आणि पत्र्यावर हाताने थाप मारतो. दोन थापा म्हणजे येऊ दे. एक थाप म्हणजे थांब. एवढीच भाषा, आणि सगळा ट्रान्सपोर्ट तिच्यावर चालतो.

शांतीची थाप कडक होती. हातात लग्नातला हिरवा चुडा, त्यामुळे थापेबरोबर बांगड्याही वाजायच्या. वरून तिचं लांबवलेलं "येऊ दे… येऊ दे…" आवारात सगळ्यांना पाठ. ट्रेलरवाले तिची नक्कल करायचे. ती करू द्यायची आणि मग हक्काने त्यांचा चहा प्यायची.

मग तुळशीराम काविळीने गेला. चुडा उतरला.

दीर प्रितेशला पिकअप हवी होती. बाईमाणूस रात्रीचं त्या खाडीत गाडी घालणार कशी, असं तो गोड बोलून सगळ्यांना सांगत फिरायचा. शांती वर्षभरात चालवायला शिकली, लायसन काढलं. तरी त्याचं सुरूच. शेवटी एका संध्याकाळी, काकांच्या आवारात, दहा ड्रायव्हरांसमोर तिने चावी वर धरली.

"गाडीला एक ओरखडा आला ना प्रितेश, तं ही चावी तुझी. नाय आला, तं पुन्हा तोंड उघडायचं नाय."

काकांना हे आवडलं नव्हतं. गाडी म्हटल्यावर घासणार, धक्क्याचा रस्ता तर विचारूच नका. पण बोलली ती बोलली. तिने क्लीनर ठेवून बघितले. एक आठवड्यात पळाला. दुसऱ्याला प्रितेशनेच दुसरीकडे कामाला लावलं. तेव्हा शांतीने ठरवलं, माणूस नको. कॅमेरे लावू.

हितेश नावाचा पोरगा आवारात येऊन गाड्यांचं वायरिंग करायचा. मागचा कॅमेरा गाडीला होताच. त्याने एक पुढच्या जाळीत बसवला आणि दोन्ही आरशांखाली एकेक, खाली चाकांकडे बघणारा. वायरी दाराच्या रबरातून आत घेतल्या, डॅशबोर्डवर स्क्रीन चिकटवली. पुढच्या जाळीपाशी लिंबू-मिरची लोंबत होती, ती नेमकी कॅमेऱ्यासमोर यायची. हितेशने विचारलं, जरा बाजूला बांधू का. शांतीने ती तोडूनच टाकली. लिंबू बघू का रस्ता बघू, म्हणाली.

काम अर्ध्यावर असताना तिची सासू विमलबाई रिक्षा करून आवारात आली. पितृपक्ष चालू होता. त्या पंधरवड्यात घरात नवी सुई आणत नाहीत, आणि हिने गाडीला नवे डोळे लावायला घेतले होते. म्हातारी भांडली नाही. काकांच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, या दिवसांत घेतलेल्या वस्तूवर पहिला हात आपला पडत नाय.

शांतीने तिला पाणी दिलं आणि हितेशला सांगितलं, तू ड्रिल मार.

मग काकांना म्हणाली, काका, तुमची चप्पल द्या. ती डाव्या चाकाला चिकटून ठेवली, स्वतः आत जाऊन बसली. चपलेचा तुटका अंगठासुद्धा स्क्रीनवर दिसत होता. खुशीत येऊन तिने हॉर्न वाजवला.

ही झाली दुपार.

रात्र त्याच दिवसाची, गेल्या वर्षीची सर्वपित्री अमावास्या. रविवार होता. उधाणाची भरती, आणि भरतीवर होड्या निघणार म्हणजे त्याआधी बर्फ हवा. शांती बर्फ भरून निघाली तेव्हा काका आवारातच होते. एकटीच जातेस का, विचारलं. तिने स्क्रीनकडे बोट केलं. चौघं आहेत सोबतीला, म्हणाली.

बेलापूर मागे टाकलं की हायवेचा उजेड संपतो. तिथून एक मातीचा बांध खाडीत शिरतो, पार जुन्या धक्क्यापर्यंत. एक गाडी जेमतेम मावेल एवढा. उजवीकडे तिवरं, खारफुटीची दाट झाडी. डावीकडे दगडांची उतरंड आणि खाली पाणी. त्या रात्री पाणी खाली नव्हतं, बांधाच्या कडेला लागलं होतं.

शांतीने हेडलाइट मोठे केले आणि गाडी बांधावर घातली. रात्रीचे ते कॅमेरे काळं-पांढरं दाखवतात. पुढच्या चौकटीत रस्ता राखाडी. उजवीकडच्या चौकटीत तिवरांच्या मुळ्या. डावीकडच्या चौकटीत चाक, चाकापलीकडे वीतभर माती, मग काळं.

अर्ध्यात आली आणि समोरून दिवे दिसले. धक्क्यावरून परतणारा टेम्पो. सुगत नावाचा ड्रायव्हर, ओळखीचाच, पण चक्रम. मागे घेईना. लाइट मारून मारून हिलाच बाजूला हो म्हणायला लागला. तिवरं होती उजव्या अंगाला, तिकडे घेतली असती तर फांद्यांनी पत्रा सोलून निघाला असता. ओरखडा म्हणजे चावी गेली.

म्हणजे डावीकडे घ्यायची. जराशी.

तिने स्टिअरिंग वळवलं. गाडी सरकली.

डावीकडून पत्र्यावर थाप पडली.

दोन.

शांतीचा पाय सवयीने हलला. गाडी अजून थोडी सरकली… आणि मग तिच्या लक्षात आलं. गाडीत कुणी नाही. खाली कुणी नाही. एकटीच आलेय.

इथे काका थांबले. तांब्यातून पाणी प्यायले. तेजस मघापासून मोबाइलशी खेळत होता, त्याने तो उलटा ठेवला. मी माझे पाय गच्चीच्या कठड्यापासून आत घेतले.

"मग?" उन्नतीने विचारलं.

मग पुन्हा दोन थापा.

आणि आवाज. काचेच्या पलीकडून, अगदी जवळून.

"येऊ दे… येऊ दे… जागा हाय…"

शांतीने नंतर काकांना सांगितलं की आवाज नवऱ्याचा असता तर ती कदाचित गेली असती. वर्षभर त्या आवाजासाठी कान टवकारून झोपली होती. पण तो तुळशीरामचा नव्हता.

तो तिचाच होता.

तसाच लांबवलेला. तसाच शेवटाला वर गेलेला. ट्रेलरवाले नक्कल करायचे, तो.

तिने आरशात बघितलं. आरशात अंधार. मग स्क्रीनवर बघितलं. डावीकडच्या चौकटीत चाक होतं. चाकाखाली अर्धीच माती. बाकी अर्धं चाक दगडाच्या धारेवर. जागा नव्हती. बोटभरसुद्धा नव्हती.

आणि चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात, पत्र्यावर…

हात.

मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या. भरलेला चुडा. हातावरून पाणी निथळत होतं. हातामागे बाई नव्हती, चौकटच तिथे संपत होती.

हात उचलला गेला. थाप. थाप. बांगड्या वाजल्या.

"येऊ दे…"

समोरून सुगतचा हॉर्न. मागे बर्फ वितळत होता, फळीतून पाणी टपटपत होतं. शांतीने ब्रेकवर पाय ठेवला होता तो एवढा दाबून की पोटरीत गोळा आला. तिने स्वतःचे हात बघितले. स्टिअरिंगवर. दोन्ही. उघडे.

ती घाबरली होती, काका म्हणाले. नाही घाबरली असं कुणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका. पण तिला रागही आला. गावाने सांगितलं घरी बस, दिराने सांगितलं चावी दे, सासूने सांगितलं हात लावू नको. आणि आता हिचाच आवाज चोरून कुणीतरी हिलाच गाडी पाण्यात घालायला सांगत होतं.

तिने डावीकडे झुकून काच खाली केली. पूर्ण.

खारा वास आत आला. अंधार. पाण्याचा चुबुक चुबुक आवाज.

"मी तं आत हाय," शांती म्हणाली. "मग भायेर कोन हाय?"

…



हॉर्नसुद्धा थांबला होता.

मग हळू, जवळजवळ लाडात, पत्र्यावर दोन थापा.

शांतीने हात लांबवला. डाव्या दाराला आतून, सगळ्या जोराने, एकच थाप मारली.

एक. म्हणजे थांब.

"गाडी मी चालवते आता," ती म्हणाली. "तू थांब."

स्क्रीनवरचा हात तसाच राहिला. पत्र्यावर टेकलेला. हलला नाही.

शांतीने रिव्हर्स टाकला. डोळे चौकटीवर. चाक धारेवरून मातीत आलं… अर्धं… मग सगळं. गाडी मागे गेली तसा तो हात चौकटीतून पुढे सरकत गेला. म्हणजे तो गाडीबरोबर आला नाही. जिथे थांब म्हटलं, तिथेच थांबला. पाण्याच्या वर, हवेत.

मग तिने समोर दिवे मारले, हॉर्नवर तळहात दाबला आणि सोडलाच नाही. एवढा वेळ की शेवटी सुगतनेच टेम्पो मागे घेतला, पार धक्क्यापर्यंत. त्याच्यामागून शांती त्याच जागेवरून पुढे गेली. काच खालीच. डावीकडे बघितलं नाही, स्क्रीनकडे बघितलं, कारण चाक तिथे दिसत होतं.

धक्क्यावर पोचल्यावर सुगत उतरून तिच्यावर ओरडत आला. मागे घेतल्याचा राग होताच, पण त्याला दुसरंच काही म्हणायचं होतं.

"ताई, माणुसकी हाय का नाय? त्या तुझ्या क्लीनर बाईला पाण्यात उभी करून आलीस. छातीएवढ्या पाण्यात हाय ती."

शांती बर्फाच्या लाद्या उतरवायला लागली.

"ती माझी क्लीनर नाय," एवढंच म्हणाली.

सुगत त्या रात्री धक्क्यावरच झोपला, टेम्पोच्या काचा लावून. शांतीला होडीवाल्यांनी सांगितलं, उजाडेपर्यंत थांब. ती थांबली नाही. सकाळी आवारात गाडी दिसली नाही तर प्रितेश काय काय बोलेल ते तिला माहीत होतं. त्याच बांधावरून, त्याच अंधारात, रिकामी गाडी घेऊन परत आली. परतताना काय झालं, काकांनी विचारलं होतं. तिने सांगितलं नाही.

सकाळी प्रितेश आला. मोबाइलची बॅटरी लावून सगळी गाडी फिरला. बंपर, दारं, फळ्या, चाकाच्या कमानी. डाव्या पत्र्यावर तर बोट फिरवत गेला. एकही ओरखडा नव्हता. दहा ड्रायव्हर चहा पीत बघत होते. शांती बोनेटला टेकून उभी होती, चावी बोटात फिरवत. प्रितेशने तोंड उघडलं आणि कुणीतरी मागून खोकलं, तेव्हा मिटलं.

जाता जाता तो डाव्या आरशापाशी वाकला आणि हितेशला हाक मारली. कॅमेऱ्यात पाणी गेलंय म्हणाला.

हितेशला पटेना. बंद काच असते ती, धुतली तरी पाणी शिरत नाही. पण आत पाणी होतं, निम्म्या काचेपर्यंत. त्याने कॅमेरा उघडला. ते पाणी बोटाला लावून जिभेवर टेकवलं आणि थुंकला. खारं. कॅमेरा फुकटात बदलून दिला. आठवड्याने त्या नव्यातही पाणी. तोही बदलला. उजवीकडचा कोरडा, पुढचा कोरडा. डावीकडचा तेवढा…

"गाडी अजून आहे?" तेजसने विचारलं. आवाज खाली आला होता त्याचा.

आहे की. रोज रात्री बर्फ घेऊन जाते. दिवसा काकांच्या आवारात उभी असते, खाडीपासून एवढी लांब. हितेशने तिसऱ्यांदा कॅमेरा बदलायला घेतला तेव्हा शांतीनेच त्याचा हात धरला. राहू दे म्हणाली, चाक दिसतंय तेवढं पुरे.

काकांनी स्वतः बसून बघितलंय, एक अख्खा दिवस, खुर्ची टाकून. गाडी जागची हलली नव्हती. सकाळी काचेतलं पाणी तळाला होतं. दुपारी चढत गेलं, काठोकाठ भरलं. संध्याकाळी उतरायला लागलं.

त्यांनी धक्क्यावर फोन करून विचारलं होतं. भरती-ओहोटीची वेळ तीच.