दोन ते चारची पाळी

ही घटना खरी आहे. आमच्या चर्चमधल्या आर्डिथने ती मला भर दुपारी, माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगितली. सांगताना तिने एकदाही वर पाहिलं नाही.

नॉर्थ डकोटातलं आमचं छोटं गाव. २०१७च्या जानेवारीतला दुसरा गुरुवार.

जोलीनला जुळं झालं होतं. नोरा आणि एमेट. नवरा कर्ट दिवसभर कामावर, माहेर लांब. मग नेहमीप्रमाणे चर्चच्या तळघरात कागद लागला. बायकांनी नावं लिहून दोन-दोन तासांच्या पाळ्या वाटून घेतल्या. बेल वाजवायची नाही, मागच्या दाराने आत जायचं, बाळांना सांभाळायचं आणि आईला वर झोपू द्यायचं.

गुरुवारी दोन ते चार आर्डिथची पाळी. नाव तिनेच सगळ्यांच्या आधी, मोठ्या अक्षरात लिहिलं होतं.

त्या दिवशी बर्फ पडत होता. फार नाही, पण आर्डिथला कंटाळा आला. जोलीन आहेच की घरात, असं म्हणत ती सोफ्यावर आडवी झाली. साधा फोनही केला नाही.

संध्याकाळी जोलीनचाच फोन आला. आर्डिथ मनात सबब जुळवत होती...

"तुमचे उपकार कसे फेडू?" जोलीन म्हणाली. "कितीतरी दिवसांनी झोपले मी. वर तुमचं गुणगुणणं ऐकू येत होतं."

आर्डिथ ताडकन उठून बसली.

"कर्ट विचारतोय, उडत आलात का? मागच्या पायऱ्यांवरच्या बर्फात एक पाऊल उमटलेलं नाही म्हणे." जोलीन हसली. "आणि पाजलंत काय हो त्यांना? बाटल्या भरलेल्या तशाच आहेत. पोटं मात्र टम्म..."

खरं तेव्हाच सांगायला हवं होतं. पण गावभर होणारी छी-थू आर्डिथच्या डोळ्यांपुढे आली.

"अगं, त्यात काय एवढं," ती म्हणाली.

नंतर तिने आडून आडून चौकशी केली. तिच्या जागी कुणीच गेलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी ती दीडलाच पोहोचली. नोराला उचललं. पोर किंचाळली. मग एमेटही. दोघंही तिच्याकडे बघत नव्हती...

खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती.

आता सांगून टाकायचंच, असं आर्डिथने ठरवलं. तेवढ्यात जोलीन जिना उतरून आली, तिच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "बाप्तिस्म्याला दोघांची धर्ममाता तुम्हीच व्हायचं."

आर्डिथला पुन्हा धीर झाला नाही. लाज वाटत होती, तरी ती हो म्हणाली.

मार्चमध्ये बाप्तिस्मा झाला. चर्च भरलेलं. आर्डिथच्या हातात नोरा, रडून रडून लाल झालेली.

"या बाळांना कधी एकटं टाकणार नाही ना?" पाद्रीबाबांनी विचारलं.

आर्डिथने तोंड उघडलं. आवाज फुटेना.

"नाही टाकणार..."

तिच्या खांद्यामागून कुणीतरी म्हणालं. हळू, मायेनं. बाईचा आवाज.

मागे कुणीही उभं नव्हतं.

नोराचं रडणं थांबलं. ती हसली. पाद्रीबाबांनी मान डोलावली. सगळ्यांना तो आर्डिथचाच आवाज वाटला.

आज मुलं शाळेत जातात. जोलीनपाशी आर्डिथ अजून गप्प आहे.

"आता काय सांगू?" ती मला म्हणाली. "वचन मी दिलंच नाही. जिने दिलं, ती पाळतेय."

मी जोलीनच्या समोरच राहते. मीही तिला अजून काही सांगितलेलं नाही.